लिनेआ: आधी झाड, मग आडनाव, मग फूल, मग मुलगी

दर जानेवारीत स्वीडनचं सरकारी सांख्यिकी खातं एक यादी जाहीर करतं. सरलेल्या वर्षात जन्मलेल्या बाळांना कोणती नावं जास्त ठेवली गेली, त्याची. तिथल्या बातम्यांत ती हमखास झळकते. नोकरीनिमित्त स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गला राहणाऱ्या मराठी घरांतही ती कुतूहलानं वाचली जाते, विशेषतः घरात पाळणा हलणार असेल तर. आलिस, वेरा, आल्मा, आस्त्रिद अशी नावं त्यात असतात. 'माया' दिसलं की आपल्याला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. ती माया मात्र आपली नव्हे, मारियाचं लाडकं रूप आहे.

या गर्दीत एक नाव हमखास बुचकळ्यात टाकतं: लिनेआ. कुणाचं पहिलं नाव, कुणाचं दुसरं. आजी लिनेआ, नात लिनेआ. इंटरनेटवर अर्थ शोधायला गेलात तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. एक संकेतस्थळ म्हणतं 'लिंबाचं झाड', दुसरं म्हणतं 'जुळं फूल', तिसरं म्हणतं 'एका शास्त्रज्ञाचं नाव'. लिंबू तर सरळसरळ चुकून शिरलंय. युरोपात लिंडन नावाचा एक मोठा वृक्ष असतो, त्याला इंग्लंडमध्ये 'लाइम' म्हणतात. भाषांतर करणाऱ्यानं त्याचं लिंबू करून टाकलं. बाकीच्या दोन उत्तरांत तथ्य आहे, पण तुकड्यातुकड्यानं. ते तुकडे जुळवायचे तर तीनशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा लिनेआ नावाची एकही मुलगी नव्हती आणि लिनेआ नावाचं फूलही नव्हतं.

इंगेमारचा मुलगा निल्स

दक्षिण स्वीडनमध्ये स्मोलांड नावाचा प्रांत आहे. जंगलांचा, दगडधोंड्यांच्या शेतांचा. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या शेतकऱ्यांना आपल्या अर्थानं आडनाव नसायचं. माणसाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागायचं आणि त्याला 'सॉन' म्हणजे मुलगा किंवा 'दोत्तेर' म्हणजे मुलगी हा शब्द जोडला जायचा. अशा नावाला पितृनाम म्हणतात. आपण वडिलांचं नाव मधे लावतो आणि शेवटी घराण्याचं आडनाव ठेवतो. तिकडे वडिलांच्या नावावरच गाडी थांबायची, आणि दर पिढीला शेवटचा शब्द बदलायचा. इंगेमारचा मुलगा निल्स इंगेमारसॉन, पण निल्सचा मुलगा निल्ससॉन आणि निल्सची मुलगी निल्सदोत्तेर. एकाच घरात बाप, मुलगा आणि मुलगी यांची 'आडनावं' तीन. आइसलँडमध्ये आजही बहुतांश हीच पद्धत आहे.

खेड्यात यानं काही अडत नव्हतं. अडायचं ते गाव सोडून विद्यापीठात गेल्यावर. पाद्री व्हायला निघालेला निल्स इंगेमारसॉन लुंड विद्यापीठात नाव नोंदवायला गेला, तेव्हा त्याला कायमचं टिकणारं नाव घ्यावं लागलं. शिकलेल्या माणसाचं नाव लॅटिन असावं ही त्या काळची रीत. मग त्यानं घराण्याच्या जमिनीवरचं एक जुनं, प्रचंड लिंडनचं झाड आठवलं. स्वीडिशमध्ये लिंडनला 'लिंद' म्हणतात आणि स्मोलांडच्या बोलीत त्याचं 'लिन्न' होतं. त्याला लॅटिन शेपूट जोडलं आणि लिनियस हे आडनाव तयार झालं.

गंमत म्हणजे त्याच झाडावरून नातेवाइकांनी आणखी दोन आडनावं घेतली. एका शाखेनं लिंदेलियस केलं. दुसऱ्या शाखेनं लिंडनचा लॅटिन शब्द 'टिलिया' उचलून टिलिआंदेर केलं. म्हणजे एका झाडाची तीन घराणी. स्वीडनमध्ये वाडीवरचं असं एखादं जुनं झाड राखणदार मानलं जायचं, त्याची फांदीसुद्धा तोडायची नाही असा दंडक असायचा. तेव्हा आडनावासाठी झाडच आठवलं यात नवल नाही.

याच निल्सला १७०७ साली रोसहुल्त गावी मुलगा झाला. त्याचं नाव कार्ल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपल्याला भेटतो तो वनस्पती आणि प्राण्यांच्या वर्गीकरणाचा जनक कार्ल लिनियस हाच. बाप लुंडला गेला नसता, तर पोरगा कार्ल निल्ससॉन म्हणूनच वाढला असता.

बहिणींचं आडनाव लिनेआ

आता एक गोष्ट, जी नावांच्या बहुतेक संकेतस्थळांवर सापडत नाही. लॅटिनमध्ये 'उस' नं संपणारं नाव पुरुषाचं. त्याच घरातली बाई असेल तर शेवट बदलून 'आ' होतो. त्यामुळे कार्लच्या बहिणी लिनियस नव्हत्याच. त्या होत्या आना मारिया लिनेआ, सोफिया युलियाना लिनेआ, एमेरेन्शिया लिनेआ. म्हणजे लिनेआ हा शब्द कागदावर पहिल्यांदा आला तो बायकांचं आडनाव म्हणून. फुलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

कार्लची बायको सारा एलिझाबेथ. तिचे वडील फालूनचे वैद्य योहान मोरेउस, म्हणून ती मोरेआ. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या सुंदर फुलांच्या एका गटाचं नावही मोरेआ पडलं. नाव मुळात दुसऱ्याच एका माणसावरून ठेवलेलं होतं. लिनियसनं एका अक्षराचा फेरफार करून ते सासुरवाडीच्या खात्यात टाकलं. वनस्पतीशास्त्रज्ञांत हा किस्सा अजून सांगितला जातो.

बोटभर उंचीचं झाड

उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात, शेवाळाच्या गादीवर, एक वेल जमिनीला चिकटून सरपटत जाते. पानं गोल, जेमतेम नखाएवढी, कडेला बोथट दाते असलेली, बारमाही हिरवी. जून-जुलैत या वेलीवर बोटभर उंचीचे, दोऱ्यासारखे बारीक दांडे उभे राहतात. टोकाला दांडा दुभंगतो आणि दोन्ही फाट्यांना एकेक फिकट गुलाबी घंटा खाली मान घालून लटकते. आतल्या बाजूला रंग गडद, वर बारीक लव. वाकून नाक जवळ नेलं तर बदामासारखा मंद वास येतो. इंग्रजीत या फुलाला 'जुळं फूल' म्हणतात ते या जोडघंटांमुळे. स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, कॅनडा असं उत्तर गोलार्धाच्या माथ्यावर सगळीकडे ते उगवतं.

लिनियसच्या आधी या झाडाला नाव नव्हतं असं नाही. स्वित्झर्लंडचा कास्पार बाउहिन त्याला 'कांपानुला सर्पिलिफोलिया' म्हणून गेला होता. लिनियसला हे झाड आधीही ठाऊक होतं, पण ते त्याच्या मनात भरलं १७३२ मधल्या लॅपलँडच्या प्रवासात. घोड्यावरून, पायी, होडीतून तो उत्तर स्वीडन पालथा घालत होता. तपासल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे झाड कांपानुला या घंटेसारख्या फुलांच्या गटातलं नाही, त्याला स्वतंत्र प्रजाती मानायला हवी. प्रजाती म्हणजे एकमेकांच्या जवळच्या जातींचा गट. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो, दुसरा जातीचा.

नवी प्रजाती म्हटली की नवं नाव हवं. लिनियसला स्वतःचंच नाव हवं होतं, यात शंका नको. पण आपलंच नाव आपणच देणं चारचौघांत शोभत नाही. त्यानं हे काम हॉलंडमधल्या लायडन गावच्या यान फ्रेडरिक ग्रोनोव्हियस या मित्राच्या हातून करून घेतलं. हा ग्रोनोव्हियस साधा मित्र नव्हे. लिनियसचं पहिलं गाजलेलं पुस्तक १७३५ साली छापलं गेलं, त्याला पैसे लावणाऱ्यांत तो होता. मित्रानं प्रजातीला लिनेआ म्हटलं. १७३७ साली लिनियसनं छापील स्वरूपात त्याचा खुलासाही केला: लॅपलँडचं हे झाड ठेंगणं, क्षुल्लक, दुर्लक्षित, थोडाच काळ फुलणारं, आणि लिनियसही तसाच, म्हणून त्याचं नाव. १७५३ मध्ये त्याच्या मोठ्या ग्रंथात ते 'लिनेआ बोरेआलिस' म्हणजे उत्तरेकडची लिनेआ म्हणून नोंदलं गेलं. आजही तेच नाव चालतं.

हा विनय मला तरी पटत नाही. ज्याला आपण क्षुल्लक वाटतो, तो माणूस लॅपलँडचा पोशाख चढवून, हातात तेच फूल धरून चित्र काढून घेत नाही. लिनियसनं ते केलं. पुढे राजानं त्याला सरदारकी दिली तेव्हा कुलचिन्हातही ते फूल आलं. चीनमधून मागवलेल्या चहाच्या चिनी मातीच्या भांड्यांवरही लिनेआच रंगवलेली आहे. सरदार झाल्यावर लॅटिन आडनाव मागे पडलं आणि तो 'फॉन लिने' झाला.

पुरुषाच्या नावाचं फूल 'ती' कसं?

इथे बरेच जण अडखळतात. फुलाला कार्लचं नाव दिलं, तर ते लिनियस का नाही, लिनेआ का?

उत्तर रुक्ष व्याकरणाचं आहे. माणसाच्या नावावरून प्रजातीचं नाव करायचं तर ते लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी करायचं, असा संकेत आहे. माणूस बाप्या असो की बाई, फरक पडत नाही. आपल्या कुंपणावरची बोगनवेल घ्या. ती बूगाँव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाची. डेलिया लिनियसचा विद्यार्थी आंदेर्स डाल याच्या नावाची. सोनचाफ्याचं आजचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपका, त्यातला मॅग्नोल हा फ्रेंच वैद्य. पुण्या-मुंबईच्या बागांत निळ्या फुलांची थनबर्जिया मांडवावर चढवतात, ती कार्ल पेटर थुनबेरीच्या नावाची, तोही लिनियसचाच विद्यार्थी. सगळे पुरुष, सगळी नावं 'आ' नं संपणारी.

दसऱ्याला आपण सोनं म्हणून देतो त्या आपट्याची गोष्ट तर खास आहे. आपट्याच्या प्रजातीचं नाव बाउहिनिया. वर ज्या कास्पार बाउहिनचा उल्लेख आला तो आणि त्याचा भाऊ योहान, अशा दोन भावांच्या स्मरणार्थ. आपट्याचं पान पाहा: एका देठावर दोन पाळ्या, मधे घडी. दोन पाळ्या म्हणजे एका मुळातून आलेले दोन भाऊ, असं लिनियसनं लिहून ठेवलंय. पावसाळ्यात बांधावर माजणारा केनाही त्याच्या तावडीतून सुटला नाही. केन्याची प्रजाती कॉमेलिना. कॉमेलिन घराण्यातले दोघे नामवंत वनस्पतीशास्त्रज्ञ झाले, तिसरा काही करून दाखवायच्या आतच वारला. केन्याच्या निळ्या फुलात दोन पाकळ्या डोळ्यात भरतात, तिसरी मागे पडते. मैत्री असो, विनोद असो, हा माणूस सगळं झाडांवर काढायचा. योहान सीगेसबेक नावाच्या जर्मन टीकाकाराचं नाव त्यानं चिकट, बिनशोभेच्या तणाला देऊन टाकलं.

आपल्याकडे भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत आहे. पणजीच्या नावाचं पातेलं सुनेच्या, नातसुनेच्या हातात जातं. नाव रोज घासलं जातं, पण ती बाई कोण होती हे कुणालाच सांगता येत नाही. फुलांच्या नावांचंही तसंच झालं. बोगनवेलीची छाटणी करणाऱ्या माळ्याला फ्रेंच दर्यावर्दीशी काय घेणं! माणूस पुसला गेला, 'आ' नं संपणारं एक गोड नाव उरलं, आणि तेच पुढे मुलींच्या कामी आलं.

मग मुलींचं नाव कधी झालं?

लिनियसच्या हयातीत तर नाहीच. त्याच्या स्वतःच्या मुलींची नावं एलिझाबेथ क्रिस्तिना, लोविसा, सारा क्रिस्तिना, सोफिया. बायबलमधली किंवा राजघराण्यात चालणारी, चर्चला मान्य अशी. थोरली एलिझाबेथ क्रिस्तिना स्वतः वनस्पतींचं निरीक्षण करायची. संधिप्रकाशात नॅस्टर्शियमची फुलं चमकून गेल्यासारखी दिसतात, यावर तिनं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लिहिलं आणि १७६२ साली ते स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं छापलं. ज्या घरानं नाव दिलं त्या घरात लिनेआ नावाची मुलगी मात्र झाली नाही.

हाकेचं नाव म्हणून लिनेआ रुळलं ते एकोणिसाव्या शतकात. त्या शतकात युरोपभर मुलींना फुलांची नावं द्यायची हौस आली होती. रोसा, व्हिओला, लिली ही नावं स्वीडनमध्येही आली, पण ती बाहेरची होती. लिनेआ हे स्वतःच्या जंगलातलं फूल, त्यात देशाच्या सगळ्यात नावाजलेल्या शास्त्रज्ञाची आठवण. अशा नावाला देशाभिमानाच्या त्या काळात कोण नाही म्हणणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खेड्यापाड्यांत पोचलं होतं. नंतर ते आज्यांचं नाव वाटू लागलं आणि मागे पडलं. १९९० नंतर ते पुन्हा वर आलं. स्वीडनमध्ये हा फेरा ठरलेला असतो: आईच्या पिढीचं नाव जुनाट वाटतं, पणजीचं नाव मात्र पुन्हा ताजं होतं.

दरम्यान नाव देशाबाहेरही गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या काही दशकांत १२ लाखांहून अधिक स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. मिनेसोटासारख्या राज्यात त्यांची मोठी वस्ती झाली. तिथल्या थंड जंगलात हे फूलही आहेच. अमेरिकेत एखादी लिनिया भेटली, तर तिच्या घराण्यात कुणी स्वीडिश आजी असण्याची शक्यता बरीच.

दुसऱ्या नावाची भानगड

स्वीडनमध्ये माणसाला दोन-तीन, कधी चार नावं असतात आणि मग आडनाव. हवामान चळवळीतल्या ग्रेता थुनबेरीचं पूर्ण नाव ग्रेता टिनटिन एलेओनोरा एर्नमान थुनबेरी. पण रोज हाक मारायची ती एकाच नावानं, आणि ते पहिलंच असलं पाहिजे असं नाही. अर्जावर त्यासाठी वेगळा शब्द असतो, त्याचा अर्थ 'हाकेचं नाव'. दुसऱ्या जागी असलेलं नावही हाकेचं असू शकतं. आपल्याकडे पाळण्यातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असतं तसाच हा प्रकार, फक्त तिकडे दोन्ही नावं सरकारी कागदावर असतात.

लिनेआचं खरं राज्य या दुसऱ्या जागेवर आहे. हाक मारायचं नाव ठसठशीत हवं: आना, एम्मा, इदा. त्याच्या मागे लिनेआ जोडलं की नाव लयीत येतं. एम्मा लिनेआ, इदा लिनेआ म्हणून पाहा, चाल आपोआप लागते. म्हणून यादीत पहिल्या दहांत न दिसणारं हे नाव प्रत्यक्षात कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर असतं. घरात त्याचं लिन्न किंवा नेआ होतं. लिन्न तर आता स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात.

आणखी एक प्रथा: नामदिन. स्वीडिश दिनदर्शिकेत जवळपास रोजच्या तारखेला एकदोन नावं छापलेली असतात. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला शुभेच्छा द्यायच्या. ही दिनदर्शिका छापायचा मक्ता १७४७ पासून १९७२ पर्यंत विज्ञान अकादमीकडे होता, आणि त्या अकादमीच्या संस्थापकांत, १७३९ साली, स्वतः लिनियस होता. लिनेआ आणि लिन्न यांचा नामदिन १३ मे. आता हे पाहा: लिनियसचा वाढदिवस आज २३ मे धरतात, पण त्याच्या जन्माच्या वेळी स्वीडनमध्ये तारीख होती १३ मे. कारण स्वीडननं जुन्या पंचांगावरून नव्यावर हळूहळू सरकायचं ठरवलं होतं, ते मधेच फसलं, आणि काही वर्षं देश सगळ्या युरोपपेक्षा वेगळीच तारीख पाळत बसला. शेवटी १७१२ साली हिशोब जुळवायला फेब्रुवारीत ३० तारीख घालावी लागली.

हे तर बनवलेलं नाव झालं!

हा आक्षेप नेहमी येतो. इंग्रिद, आस्त्रिद, सिग्रिद ही नावं हजार वर्षं जुनी, जुन्या नॉर्स भाषेतली, देवादिकांशी नातं सांगणारी. त्यांच्यापुढे लिनेआ म्हणजे विद्यापीठाच्या नोंदवहीत जन्मलेलं आडनाव, त्यावर लॅटिन व्याकरणाचा संस्कार आणि वर मित्राची मेहेरबानी. आक्षेप खरा आहे, पण त्यानं नावाचं काही बिघडत नाही. ज्याला आपण अस्सल स्वीडिश समजतो त्यातलं बरंच असंच नोंदवह्यांत घडलंय. १९०१ साली सरकारनं प्रत्येक घराण्याला कायमचं आडनाव घ्यायला लावलं, तेव्हा 'अमक्याचा मुलगा' हा अर्थ असलेली आडनावं गोठली. आज आंदेरसॉन आडनावाच्या हजारो बायका आहेत. त्या कुणाच्याच मुलगा नाहीत आणि त्यांच्या वडिलांचं नाव आंदेर्स असण्याचंही कारण नाही. त्याबद्दल कुणी हरकत घेत नाही.

मग अर्थ कोणता सांगायचा? माझ्या मते 'लिंडनचं झाड' हा अर्थ आडनावाचा आहे. मुलीला तो लावणं ओढाताणीचं आहे. आईबाप नाव ठेवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जंगलातल्या त्या जोडघंटा असतात. लिनेआ हे स्मोलांडचं प्रांतिक फूल आहे, उन्हाळ्यात जंगलात फिरायला गेलेलं शेंबडं पोरही ते ओळखतं.

लिनियस वादग्रस्त आहे, त्याचं काय?

हा आक्षेप जास्त गंभीर. लिनियसनं माणसांचंही वर्गीकरण केलं. १७३५ च्या त्याच गाजलेल्या पुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत त्यानं खंडांप्रमाणे माणसांचे गट पाडले आणि त्यांना स्वभाव चिकटवले: युरोपातली माणसं रीतिनियमांनी चालतात, आशियातली मतांनी, आफ्रिकेतली लहरीनं. आपण सगळे त्याच्या लेखी आशियाच्या खणात. पुढच्या काळातल्या वंशवादी विचाराला यातून आधार मिळाला. २०२० साली जगभर पुतळ्यांवरून वाद पेटला तेव्हा स्वीडनमध्येही त्याच्या पुतळ्यांबद्दल प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवेत.

पण नावाचा हिशोब वेगळा ठेवायला हवा. लिनेआ नावाच्या मुलीला आईबापांनी फुलाचं नाव दिलेलं असतं, शास्त्रज्ञाचं नव्हे. शिवाय लिनियसला टाळायचं म्हटलं तर आपल्याला आंबाही टाळावा लागेल. मॅन्जिफेरा इंडिका हे नाव त्याचंच. वड, पिंपळ, तुळस, हळद, मिरी, आवळा, बहावा यांच्या शास्त्रीय नावांमागेही तोच आहे. बागेतल्या झाडाच्या पाटीवर किंवा आयुर्वेदाच्या द्रव्यगुणाच्या पुस्तकात नावाच्या शेवटी 'एल.' किंवा 'लिन.' असं आखूड अक्षर असतं ना, ते लिनियसचं. सागाच्या नावापुढे 'एल.एफ.' दिसेल. तो त्याचा मुलगा, धाकटा कार्ल. कोकणातल्या हापूसच्या बागेपर्यंत स्मोलांडचं ते लिंडनचं झाड असं पोचलेलं आहे.

स्वीडिश माणसाला त्याचं ओझं फारसं वाटत नाही, कारण त्यानं लिनियसला वर्षानुवर्षं खिशात वागवलं. १०० क्रोनरच्या जुन्या नोटेवर त्याचं चित्र होतं. ती नोट २०१७ च्या जूनअखेरीस बाद झाली. तिच्या जागी आलेल्या नोटेवर अभिनेत्री ग्रेता गार्बो आहे.

मराठी घरात ठेवायचं झालं तर

नियम सोपे आहेत. बाळाचं नाव जन्मापासून तीन महिन्यांत कर खात्याला कळवावं लागतं. हो, कर खात्याला. जन्म-मृत्यूची नोंदवही तिकडे तेच सांभाळतं. नाव असं नसावं की त्यानं कुणाला धक्का बसेल किंवा मुलाला त्रास होईल. १९९६ साली नावाच्या कायद्याचा निषेध म्हणून एका जोडप्यानं मुलाला अक्षरं आणि आकडे मिळून ४३ चिन्हांचं, उच्चारता न येणारं नाव द्यायचा घाट घातला होता. न्यायालयानं ते मान्य केलं नाही, नाव वेळेत न नोंदवल्याबद्दलचा ५,००० क्रोनर दंड मात्र कायम ठेवला. लिनेआला अशी कसलीच अडचण नाही.

अडचण येते ती आपल्या वडिलांच्या नावाची. १ जुलै २०१७ पासूनच्या कायद्यात माणसाच्या नावाचे दोनच भाग: नावं आणि आडनाव. वडिलांचं नाव ठेवायला मधे वेगळी चौकट नाही. ते घातलं तर मुलीच्या नावांपैकीच एक म्हणून नोंदलं जातं. मग मीरा लिनेआ असं नाव ठेवलेल्या मुलीच्या कागदावर तिसऱ्या जागी बाबांचं नाव दिसेल आणि शाळेतल्या बाई पहिल्या दिवशी विचारतील, यातलं हाकेचं कोणतं? अर्ज भरतानाच हाकेच्या नावावर खूण केली तर हा प्रश्न उरत नाही. भारतीय पासपोर्टवरही त्याच क्रमानं नावं घ्यावीत, नाहीतर दोन देशांच्या कागदांवर दोन मुली तयार होतात.

राहिला उच्चार. स्वीडिशमध्ये 'ली' दीर्घ नाही आणि शेवटी 'या' नाही. लि-ने-आ, जोर 'ने' वर, तोही जरा लांबवून. लिहिताना काही जण 'ने' च्या स्वरावर तिरपी रेघ देतात, काही देत नाहीत. ती रेघ सरदार झालेल्या 'फॉन लिने' कडून आलेली आहे. दोन्ही रूपं बरोबर, पण एकदा नोंदवलेलं रूपच पुढे सगळीकडे चालवावं लागतं.